चित्राखाली लिहा : फोटो की रेंडर?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या घरसजावटीच्या पुरवणीत दिवाणखान्यांची, स्वयंपाकघरांची, मुलांच्या खोल्यांची देखणी चित्रं येतात. खाली 'प्रशस्त आणि मोकळा हॉल' अशी एखादी ओळ असते. ते चित्र कॅमेऱ्यानं टिपलंय की संगणकावर बनवलंय, याचा मात्र पत्ता नसतो. त्यातली बरीचशी रेंडर, म्हणजे संगणकावर बनवलेली, असतात, हे या धंद्यातल्या माणसाला एका नजरेत कळतं. वाचकाला ते कळत नाही. तो पान कापून ठेवतो आणि सुतारापुढे धरतो : "अस्संच पाहिजे." सुतार पट्टी काढून भिंत मोजतो आणि गप्प बसतो.

आमची तक्रार रेंडरबद्दल नाही. आमचं पोटच त्यावर आहे. भिंत फोडण्याआधी, प्लाय कापण्याआधी खोली कशी दिसेल हे दाखवायला त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. पण ते नकाशासारखं वाचावं लागतं, आणि कसं वाचायचं हे वाचकांना सहसा कोणी सांगत नाही. म्हणून हे लांबलेलं पत्र. जागेअभावी कात्री लावावी लागली तर लावा, फक्त शेवटची मागणी तेवढी ठेवा.

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधली नेहमीची बेडरूम घ्या : १० फूट बाय ११ फूट. भिंतीला पाठ टेकून उभं राहिलं तर समोरची १० फुटी भिंत डोळ्यांपासून साधारण १० फुटांवर येते. मान न वळवता माणसाला नीट दिसतं ते ६० अंशांच्या आसपासचं. म्हणजे समोरची भिंत आणि बाजूच्या भिंतींचा थोडासा भाग. आता रेंडर करणारा सॉफ्टवेअरमधल्या कॅमेऱ्याला १८ मिलिमीटरची लेन्स लावतो. ती आडव्यात ९० अंश बघते, १० फुटांवर तिला २० फूट रुंदी दिसते. त्यामुळे समोरची भिंत आकसून चित्राच्या मधल्या अर्ध्या भागात बसते, बाजूच्या भिंती लांबच लांब पळतात आणि पलंगापुढची फरशी अंगणासारखी पसरते. खोली तीच, १० बाय ११. लेन्स २४ ची केली की कोन ७४ अंशांवर येतो, २८ ला ६५, ३५ ला ५४ आणि ५० ला ४० वर. आमच्या मते घरातल्या खोलीसाठी २४ च्या खाली उतरूच नये. २८ ते ३५ या टापूत चित्र डोळ्यांना पटेल असं येतं.

लांब लेन्स लावायची तर कॅमेरा मागे न्यावा लागतो. ५० च्या लेन्समध्ये १० फुटी भिंत पूर्ण बसवायला तो जवळजवळ १४ फुटांवर हवा, आणि खोली तर ११ ची. मग तो मागच्या भिंतीपलीकडे, म्हणजे शेजारच्या खोलीत नाहीतर डक्टमध्ये, ठेवतात आणि मधली भिंत 'क्लिपिंग'नं कापून टाकतात. याला आमची हरकत नाही, कारण वस्तूंचं एकमेकांशी प्रमाण त्यानं फारसं बिघडत नाही. मात्र त्या जागेवरून ती खोली कधीच कोणी बघणार नाही, एवढं गिऱ्हाइकाला सांगायला हवं.

वाइड लेन्स ओळखायची सोपी खूण म्हणजे चित्राच्या डाव्या-उजव्या कडेची चेंडूसारखी गोल वस्तू. लटकता गोळ्याचा दिवा असेल, टोपलीतलं संत्रं असेल. १८ च्या लेन्समध्ये अगदी कडेला ती उंचीपेक्षा सुमारे १.४ पट रुंद होते, म्हणजे चक्क आडवं अंडं. भिंतीवरच्या घड्याळावर मात्र जाऊ नका. सरळ समोरच्या भिंतीवरची सपाट वर्तुळं कडेलाही वर्तुळंच राहतात. दिव्याचं अंडं झालेलं दिसलं की त्याच कडेला ठेवलेला सोफाही तेवढाच फुगलाय, असं समजावं.

ही लबाडी संगणकानं आणली असंही नाही. हातानं पर्स्पेक्टिव्ह काढायचे तेव्हाही ती होतीच. रीत अशी. अर्धा इंच म्हणजे एक फूट धरून समोरची भिंत काढायची. १० फूट बाय साडेनऊ फुटांची भिंत कागदावर ५ बाय पावणेपाच इंचांची होते. फरशीपासून अडीच इंचांवर, म्हणजे ५ फुटांवर, क्षितिजरेषा, म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांची पातळी. तिच्यावर मध्याच्या जरा बाजूला लोपबिंदू, म्हणजे लांब जाणाऱ्या रेषा जिथे एकत्र मिळताना दिसतात ती जागा. तिथून चारही कोपऱ्यांतून रेषा बाहेर काढल्या की भिंती, फरशी आणि छत मिळतं. खोली किती आत जाते ते मोजायला क्षितिजरेषेवरच लोपबिंदूच्या उजवीकडे अंतरबिंदू घ्यायचा. बघणारा त्या भिंतीपासून जितका लांब, तितका तो लोपबिंदूपासून लांब. १४ फुटांवर उभा असेल तर ७ इंच. मग भिंतीच्या तळरेषेवर डाव्या कोपऱ्यापासून उजवीकडे फुटाफुटाच्या खुणा करायच्या, अंतरबिंदूतून प्रत्येक खुणेवरून रेषा खाली आणायची. ती फरशीच्या डाव्या कडेला जिथे छेदते तिथे तेवढे फूट पुढे आलो. हा अंतरबिंदू ७ ऐवजी ५ इंचांवर घेतला की पुढचे पुढचे फूट भराभर मोठे होत जातात आणि बेडरूमचं बॅडमिंटन कोर्ट होतं. १८ ची लेन्स करते तेही हेच. फरक एवढाच की हातानं काढणाऱ्याला आपण काय करतोय ते कळायचं. आज सॉफ्टवेअरमध्ये एका आकड्यात ते होऊन जातं आणि करणाऱ्याच्याही लक्षात येत नाही.

कॅमेऱ्याची उंचीही अशीच वाचता येते. तिरक्या दिसणाऱ्या भिंतीवरच्या आडव्या कडा बघा. वरच्या कडा लोपबिंदूकडे उतरत जातात, खालच्या चढत जातात, आणि मधे एक कड ना चढते ना उतरते. ती जमिनीपासून जितकी उंच, तितक्या उंचीवर कॅमेरा. कपाटाच्या हँडलांची ओळ साडेतीन फुटांवर असेल आणि तीच सपाट दिसत असेल, तर चित्र साडेतीन फुटांवरून घेतलंय. एवढ्या खालून छत उंच भासतं. हॉलचं चित्र पावणेचार फुटांवरून घेतलं तर एक वेळ मान्य, सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे तिथेच असतात. स्वयंपाकघराचं चित्र मात्र उभ्या माणसाच्या नजरेतून, ५ फुटांच्या आसपासच हवं. ओटा ३४ इंचांवर, त्यावर दोन फूट सोडून वरची कपाटं म्हटली की त्यांचा तळ ५८ इंचांवर येतो. ४ फुटांवरच्या कॅमेऱ्याला तो तळ आणि त्याखालची चकाकती पट्टी मस्त दिसते. ओट्याशी उभ्या बाईला ती दिसत नाही, तिला कपाटाची कड कपाळासमोर दिसते.

आता पलंगाकडे या. किंग साइजची गादी ७२ बाय ७८ इंच. पलंगाचं डोकं १० फुटी भिंतीला लावलं की दोन्ही बाजूंना २४-२४ इंच उरतात, तेही पलंगाची चौकट न धरता. लांबीच्या १३२ इंचांतून ७८ ची गादी आणि ४ इंचांचा हेडबोर्ड गेला की राहिले ५०. समोरच्या भिंतीला २४ इंच खोल कपाट. मधे २६ इंच. त्यात १८ इंची शटर, म्हणजे कपाटाचं दार, उघडलं की पुढे माणसाला ८ इंच. रेंडरमध्ये याच जागेत गालिचा असतो, बाक असतं आणि वर नाचायला जागा उरते. कारण पलंगाचं संगणकातलं तयार त्रिमिती मॉडेल उचलून ८५ टक्क्यांवर आणलेलं असतं. ७२ चा पलंग ६१ चा होतो, उशाही त्याच प्रमाणात लहान होतात, म्हणून डोळ्याला खटकत नाही. उपाय फुकटचा आहे. चित्र दाखवणाऱ्याला विचारा, "या पलंगाची रुंदी मोजून दाखवा." सॉफ्टवेअर स्केचअप असो की थ्रीडीएस मॅक्स, मॉडेलवर टेप लावायला दहा सेकंदं लागतात.

खरी रड मटेरियलची. सनमायकाची शीट ८ फूट बाय ४ फुटांची. काही कंपन्या १० फुटी शीटही देतात, पण ठरावीक रंगांत. लाकडाच्या डिझाइनच्या शीटमध्ये रेघ ८ फुटांच्या बाजूनं धावते. आता हल्ली ज्याची फॅशन आहे ते चित्र डोळ्यांपुढे आणा : जमिनीपासून छतापर्यंत ९ फूट उंच कपाट, चार शटर, आणि अक्रोडाची रेघ आडवी, पहिल्या शटरपासून चौथ्यापर्यंत न तुटता गेलेली. रेघ आडवी हवी तर शीट आडवी लावायची. म्हणजे उंचीला मिळतात ४ फूट. ९ फुटांच्या शटरला ४ फुटांवर एक आणि ८ फुटांवर दुसरा जोड आला. त्यात चारही शटरवर रेघ जुळवायची तर तुकडे त्याच क्रमानं एकाच शीटमधून काढावे लागतात, आणि उरलेला माल वाया. रेघ उभी ठेवली तरी ८ फुटांवर जोड चुकत नाही. म्हणून जुन्या सुतारांची ७ फुटांचं कपाट आणि वर वेगळा लॉफ्ट ही पद्धत अडाणीपणाची नव्हती, शीटच्या मापातून आलेली होती. शिवाय ९ फूट लांब प्लायचं शटर पावसाळ्यात बाक धरतं. ते टाळायला आतून ताणाची पट्टी लागते, आणि बाहेर १ मिलिमीटरचा सनमायका लावला की आतूनही लाइनर, म्हणजे आतल्या बाजूची पातळ शीट, लावावाच लागतो. एकाच बाजूला चिकटवलेलं शटर वळणारच. चित्रात यातलं काही नसतं. तिथे शीटला कडाच नाहीत.

चित्र करणाऱ्यानं निदान एवढं करावं : कंपनीनं दिलेलं पूर्ण शीटचं छायाचित्र घ्यावं आणि सॉफ्टवेअरमध्ये त्याचं माप २४४० बाय १२२० मिलिमीटरच भरावं. इंटरनेटवरून उचललेला हातभर तुकडा भरला की तीच गाठ दर दोन फुटांवर पुन्हा दिसते, आणि मग ते लपवायला तो ताणतात. ताणला की बारीक रेघेचा सागवान जाड रेघेचा होतो; गिऱ्हाईक त्या जाड रेघेवर खूश होतं आणि दुकानात तसली शीटच सापडत नाही. फरशीचंही तेच. ६०० बाय १२०० च्या टाइलला सांधा असतो, त्यात ग्राउट असतं, आणि एका डिझाइनचे मोजकेच वेगवेगळे चेहरे, म्हणजे नक्षीचे नमुने, येतात. रेंडरमधला अखंड संगमरवर म्हणजे सांधे पुसलेली टाइल. शटरच्या कडाही धारदार काढू नयेत. दीड-दोन मिलिमीटरची गोलाई दिली की कडेवर उजेडाची बारीक रेघ येते आणि वस्तू खरी वाटू लागते. दोन शटरमध्ये ३ मिलिमीटरची फट काढावी. खऱ्या कपाटाला ती असतेच.

उजेडाबद्दल बोलायचं तर रात्र सरेल. त्यातल्या त्यात महत्त्वाचं तेवढं सांगतो. रेंडरमध्ये जे दिवे दिसतात त्यांचा उजेड बहुधा अपुरा पडतो. मग कॅमेऱ्याच्या पाठीमागे चार बाय चार फुटांचा, चित्रात न दिसणारा प्रकाशाचा चौकोन टांगतात. हॉल उजळून निघतो. प्रत्यक्षात तो चौकोन नसतो, आणि गृहप्रवेशाच्या संध्याकाळी घर अंधारं का वाटतंय हे कोणाला उमगत नाही. दुसरी खोड पांढऱ्या रंगाची. भिंतीला अगदी शंभर टक्के पांढरा दिला की पडलेला सगळा उजेड ती परत फेकते. सावल्या विरघळतात, कोपरे दिसेनासे होतात आणि चित्र धुवट होतं. खरा पांढरा रंगही पडलेला सगळा उजेड परत देत नाही. रेंडरमध्ये ८० टक्क्यांच्या वर जाऊ नये. रंगकंपन्या काही शेडकार्डांवर उजेड परत फेकण्याचं प्रमाण एलआरव्ही म्हणून छापतात. तोच आकडा वापरावा.

खिडकीचं ऊन हा तर थेट विनोद. पुणं सुमारे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरच्या माध्यान्ही सूर्य दक्षिणेला ४८ अंशांवर असतो. ७ फुटांवर वरची कड असलेल्या दक्षिण खिडकीतून, छज्जा नसेल तर, ऊन सहा फूट आत येतं. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकलेला असतो, तेव्हा त्या खिडकीतून दुपारी ऊन येतच नाही. आणि हिवाळ्यात उत्तरेच्या खिडकीतून तर कधीच नाही. पण चित्रांत उत्तरेच्या बेडरूममध्ये डिसेंबरातली तिरीप पलंगावर पडलेली असते, कारण सूर्य जिथे छान दिसेल तिथे ओढून ठेवलेला असतो. स्केचअपमध्ये गाव, तारीख आणि वेळ भरायची सोय आहे. उत्तर दिशा नकाशावरून बरोबर लावली की सूर्य आपोआप जागेवर जातो. खिडकीबाहेर मात्र समुद्र किंवा डोंगर न लावता समोरची इमारत जिथे आहे तिथे एक करडा ठोकळा उभा करावा. वीस फुटांवर सात मजली ठोकळा उभा राहिला की आतला उजेड किती उतरतो ते बघण्यासारखं असतं. ग्रिल आणि जाळीचं शटरही काढावं. तीही उजेड खातात.

एलईडी पट्टीचं जवळून बघू. रेंडरमध्ये ओट्यावरच्या कपाटाखाली मऊ, सलग उजेड असतो. प्रत्यक्षात मीटरला ६० दिव्यांची पट्टी लावली आणि खाली काळा चकचकीत ग्रॅनाइट असला की त्यात ठिपक्यांची माळ दिसते. पट्टी दाट घ्यावी किंवा सीओबी, म्हणजे ठिपके न दिसता सलग उजेड देणारी, घ्यावी, ॲल्युमिनियमच्या प्रोफाइलमध्ये दुधी झाकणाखाली बसवावी. १२ व्होल्टची पट्टी एका टोकानं वीज देऊन ५ मीटरच्या पुढे ओढली की दुसरं टोक मंद पडतं. दोन्ही टोकांनी वीज द्यावी नाहीतर २४ व्होल्टची घ्यावी. ड्रायव्हरला, म्हणजे पट्टीला वीज पुरवणाऱ्या डबीला, जागा लागते, तो बिघडतो, म्हणून हात पोचेल अशीच जागा. पीओपीच्या आत कायमचा गाडलेला ड्रायव्हर म्हणजे दोन वर्षांनी छत फोडणं. छतावरून आठवलं : ४८ इंची पंख्याच्या पात्यांच्या घेरावर डाउनलाइट, म्हणजे छतात बसवलेला दिवा, आला की उजेड भिरभिरतो, डोकं दुखतं. चित्रांत हे कळत नाही, कारण चित्रांत पंखाच नसतो.

पंखाच काय, बरंच काही नसतं. एसीचं घरातलं युनिट आणि त्याचा पाण्याचा पाइप, स्विचबोर्ड, स्लॅबखालचा बीम, चिमणीचा डक्ट, गॅसची नळी, वॉशिंग मशीनचा नळ, गीझर, बाल्कनीतला कपडे वाळत घालायचा स्टँड, कचऱ्याचा डबा. आणि देवघर. सनमायकाच्या देवघरात समईच्या वर सहा इंचांवर फळी काढणाऱ्याच्या घरी बहुधा दिवा लागत नसावा.

आता एआय. खोलीचा फोटो टाकला की अर्ध्या मिनिटात राजेशाही हॉल मिळतो. कल्पना सुचायला, गिऱ्हाइकाची आवड ओळखायला हे ठीक. पण त्यामागे खोलीचं त्रिमिती मॉडेल नसतं, मापं नसतात. खिडकी हातभर सरकलेली असते, बीम गायब असतो, चार शटरच्या कपाटाला पाच हँडलं असतात. परीक्षा सोपी आहे : हीच खोली समोरच्या कोपऱ्यातून दाखवा म्हणावं. मॉडेल असेल तर दुसरं चित्र पहिल्याशी तंतोतंत जुळतं, नसेल तर दुसरीच खोली येते.

मग गिऱ्हाइकापुढे काय ठेवावं? आधी साइटवर मोजमाप. चारही भिंती, आणि त्यासोबत दोन्ही कर्ण. १० बाय ११ ची खोली गुण्यात, म्हणजे कोपरे काटकोनात, असेल तर दोन्ही कर्ण १४ फूट १० इंच ३ सूत भरतात. त्यात इंचभर फरक म्हणजे कपाटाच्या कडेला भरणीची पट्टी लागणार, ती चित्रातही दाखवावी. ओळंबा लावून भिंतही बघावी. मग १:५० चा फर्निचरचा नकाशा, दारं कुठे उघडतात त्याच्या चापांसकट. त्यानंतर १:२५ चे भिंतींचे एलेव्हेशन, म्हणजे प्रत्येक भिंत समोरून कशी दिसेल त्याचे नकाशे. रेंडर यानंतर. तेही आधी सगळं एका करड्या रंगात, म्हणजे फक्त आकार आणि उजेड बघता येतो, आणि मग रंग-पोत भरून. बरेच जण उलटं करतात : आधी झगमगीत चित्र दाखवून होकार घेतात आणि नकाशा नंतर त्यात कोंबतात.

कागदाबद्दल दोन गोष्टी. ए२ चा नकाशा ए४ वर छापला की लांबी निम्मी होते. कोपऱ्यात १:५० लिहिलेलं तसंच राहतं आणि नकाशा झालेला असतो १:१०० चा. म्हणून आकड्याशेजारी मोजपट्टी काढावी. कागद लहान-मोठा झाला तरी पट्टीही सोबत होते. ए३ वर रेंडर छापायचं तर इंचाला १५० ठिपक्यांनी २४८० बाय १७५४ पिक्सेल लागतात, जवळून बघायचं असेल तर ३०० ठिपक्यांनी ४९६१ बाय ३५०८. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र दाबलं जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवावं. आणि रात्री फोनवर चित्र बघून रंग ठरवू नये. डोळ्यांना आरामाचा पिवळा मोड चालू असतो, मग करडा रंग उबदार वाटतो आणि सकाळी भिंतीवर निळसर दिसतो. रेंडर साफ करणाऱ्या डिनॉइझरचंही सांगून टाकतो : चित्रातले ठिपके घालवताना तो वेताची जाळी, हातमागाची वीण अशी बारीक नक्षी सारवून टाकतो. पडद्याचं कापड चित्रात मेणासारखं दिसलं तर दोष कापडाचा नाही.

रंगाचा आणि पोताचा निर्णय सॅम्पल बोर्डावरच व्हावा. १८ बाय २४ इंचांचा बोर्ड पुरतो. त्यावर तुकड्यांचं प्रमाण घरातल्यासारखं असावं : फरशीचा तुकडा सर्वांत मोठा, मग भिंतीचा रंग, मग कपाटाचा सनमायका, पडदा, आणि पितळी हँडल नखाएवढं. उलट झालं, लाल कुशनचं कापड वीतभर आणि फरशी चार बोटं, की गिऱ्हाईक कुशनवर घर ठरवतं. सनमायकाचा कॅटलॉगमधला चार इंची तुकडा पुरत नाही. निदान ए४ चा मागवा, नाहीतर दुकानात पूर्ण शीट उभी करून बघा. फरशीचा नमुना जमिनीवर आडवा, भिंतीचा उभा धरावा, कारण उजेड दोघांवर वेगळा पडतो. व्हिनीअर, म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा, असेल तर पॉलिश चढवलेला नमुना, आणि त्याच लॉटमधला. संगमरवर घेताना स्लॅबवर नंबर टाकून फोटो काढून ठेवावा. सगळ्यात मुख्य म्हणजे बोर्ड ऑफिसात न बघता त्या घरात, सकाळी एकदा आणि रात्री जे दिवे लागणार आहेत त्यांच्याखाली एकदा बघावा. दुकानातल्या ६५०० केल्विनच्या पांढऱ्याफटक उजेडात जुळलेले दोन करडे घरातल्या ३००० केल्विनच्या पिवळ्या उजेडात जुळतीलच असं नाही. एक हिरवट होतो, एक गुलाबी.

कायद्याचंही सांगायला हवं. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १२ नुसार जाहिरातीतल्या किंवा नमुना सदनिकेतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याचं नुकसान झालं तर बिल्डरला भरपाई द्यावी लागते. आतलं फर्निचर करून देणाऱ्याशी तुमचा जो व्यवहार होतो तो त्या कलमात बसत नाही. म्हणून करारासोबत मापं घातलेले नकाशे आणि नंबर टाकलेली सॅम्पल जोडावीत, दोघांच्या सह्या त्यांवर घ्याव्यात. चित्र आणि नकाशा यांत फरक आला तर कोणतं धरायचं, तेही लिहावं. आम्ही तर म्हणू, नकाशा.

आपल्याकडे मागणी एकच. पुरवणीतल्या प्रत्येक चित्राखाली बारीक अक्षरांत एक ओळ छापा. चित्र पाठवणाऱ्याकडून ती मागून घेता येईल, कारण हे सगळे आकडे त्याच्या फाइलमध्ये असतात. फोटो असला तरी छापा, कारण फोटोग्राफरही घराचे फोटो काढताना १६ ची लेन्स लावतात. ओळ एवढीच : 'संगणकीय चित्र. खोली १० × ११ फूट, उंची साडेनऊ फूट. लेन्स २८ मिमी, कॅमेरा ४ फुटांवर, खोलीच्या आत.'

आपले,
अंतर्गत सजावट आणि रेंडरिंगचं काम करणारे काही जण,
पुणे